तपकिरी शाई

पहाटे साडेचारला झिरो माईलच्या खांबाशी बस.
उमरेडकर टूर्स, एकदिवसीय चिखलदरा,
नाश्ता-जेवण धरून चौदाशे रुपये,
पंचबोल पॉइंट ‘वातावरण असल्यास’.

सीट अकरा. खिडकी.
शेजारी लांजेवार बाई, मांडीवर संत्र्यांची पिशवी.
म्हणाल्या, एकट्याच जाऊन राहिल्या का?
म्हटलं, हो.
मग कोंढाळीपर्यंत त्या माझ्या खांद्यावर झोपल्या.

एकतीस वर्षं मी नकाशे ट्रेस केले,
सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत, उत्तरेच्या खिडकीखाली.
नदी निळी, रस्ता लाल,
डोंगर तपकिरी:
वीस-वीस मीटरवर एकेक रेषा,
श्वास रोखून, निब न उचलता.
सातपुड्याची ही अख्खी बाजू
माझ्या मनगटातून गेली आहे.
मनगट अजून दुखतं.
डोंगर पाहिला नव्हता.

परतवाड्याला गाइड चढला, सुखलाल बेठेकर.
कंपनीची टोपी त्याला मोठी,
माइक त्याला नकोसा.
“आता घाट लागते.
ज्याला उलटी येते त्यानं समोर बसावं.”

रेषा जवळ आल्या की चढ उभा असतो,
हे मी किती नव्या पोरींना शिकवलं.
पण रेषा जवळ आल्या की कान बंद होतात,
ड्रायव्हर गाणं थांबवतो,
ढोमणेंचा नातू सकाळचे तर्रीपोहे
पडद्यावर परत करतो,
आणि सागाची पानं येतात काचेवर, ताटाएवढी.
हे कुठल्या शाईनं काढायचं असतं?

देवी पॉइंट, वीस मिनिटं.
गाविलगड, पाऊण तास, दमलेल्यांनी बसमध्येच.
कॉफीच्या झाडापाशी फोटो.
सुखलाल रोजचंच बोलला:
भीम, कीचक, इतके फूट, तितके फूट.
एक आकडा चुकला.
मी गप्प राहिले. दुरुस्तीचं काम सोडून
नऊ वर्षं झाली.

पंचबोलला वातावरण होतं.
“ओरडा,” तो म्हणाला, “दरी पाच वेळा बोलते.”
लोक ओरडले. आई गं. ए पिंकी. जय विदर्भ.
लांजेवार बाईंनी लाजत उखाणा घेतला,
दरीनं नवऱ्याचं नाव तेवढं परत दिलं.

“तुम्ही, मॅडम?”
माझ्या तोंडून आलं:
जांभूळढाणा.

सत्त्याण्णव की अठ्ठ्याण्णव साली
टेबलावर एक कागद आला होता.
गाव उठलं आहे, नाव काढावे.
मी पातं घेतलं,
कापड फाटू न देता अक्षर न् अक्षर खरवडलं,
वर बोटानं खडू घासला,
फुंकर मारली
आणि डबा उघडला. भेंडीची भाजी होती.

जांभूळढाणा, म्हणाली दरी.
भूळढाणा. ढाणा. ढाणा.
णा.

सुखलालनं माइक बंद केला.
“जांबूढाना,” म्हणाला, हळूच,
पहिलीतल्या पोराला सांगावं तसं.
“ळ नाही त्यात. कधीच नव्हता.”
म्हणजे मी आधी चुकीचं लिहिलं,
मग ते चुकीचं खोडलं,
आणि आता दरीकडून पाच वेळा वदवून घेतलं.

कुठं होतं, विचारलं.
त्यानं हात केला पलीकडच्या उतारावर.
तिथं रेषा विरळ होतात, हे हाताला ठाऊक होतं.
डोळ्यांना दिसली थोडी सपाटी,
एक मोठं झाड, बहुतेक मोहाचं,
आणि गवत, एका बाजूला झोपलेलं.

“तुमचं कोणी होतं तिथं?”
त्यानं घड्याळ पाहिलं, माइक लावला,
“चला, चला! रबडीला दहाच मिनिटं!”

अमरावतीनंतर बस झोपली.
अभिप्रायाचा कागद फिरला.
गाइड: उत्तम, बरा, सुधारणा हवी.
उत्तमवर खूण केली.
खाली सूचनांच्या रकान्यात
एक नाव लिहिलं, ळ न घालता.
बस हलत होती, अक्षर वाकडं आलं.
खोडलं नाही.

झिरो माईलला पावणेअकरा.
ऑटोवाला म्हणाला, मनीषनगर, दोनशे.
दीडशेत आला.